काळ्या कपाटावरची रांगोळी

मित्रांनो, मी एक जुने सागवानी कपाट आहे. मात्र आज मला पाहिलेत, तर सागाचा रंग कुठेही दिसणार नाही. मी आपादमस्तक काळे आहे आणि या काळेपणाचा मला अभिमान वाटतो. तो मला कसा लाभला, ते सांगते.

पालमच्या मुंजाजी सुतारांनी मला घडवले. खिळ्यापेक्षा खाचेवर त्यांचा अधिक विश्वास होता. म्हणून आजही माझा एक सांधा हललेला नाही. झरीच्या काशीनाथरावांचा संसार तेव्हा नवा होता. त्यांनी मला घरी आणून देवघराशेजारी उभे केले. माझ्या सर्वांत वरच्या कप्प्यात महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे मऊ वस्त्रात वर्षभर विसावत. भाद्रपदात काशीनाथरावांच्या पत्नी धुरपताबाई स्नान करून माझे दार उघडत, तेव्हा एखाद्या गाभाऱ्याचे दार उघडावे तसा मला भास होई. येणारे-जाणारे माझ्या घडणीची स्तुती करत आणि मी ती निमूटपणे ऐकत असे.

पुढे घरात लोखंडी कपाट आले. मुखवटे त्यात गेले आणि मी ओसरीच्या कोपऱ्यात गेले. रिकामी पोती, मोडकी छत्री, वाळलेला झाडू, एवढेच माझ्या पोटात उरले. पॉलिशचे पापुद्रे सुटले. एका श्रावणात सरपण ओले झाले, तेव्हा धुरपताबाईंनी ठरवले की मला फोडून पाणी तापवण्याच्या बंबात घालावे.

त्या घरात नुकतीच एक सून आली होती. तिचे नाव मधुवंती, माहेर परभणीचे. सासूबाईंना ती आत्याबाई म्हणे. या घरातल्या तिच्या पहिल्याच महालक्ष्म्या जवळ आल्या होत्या आणि आपल्या हातची काहीतरी आरास असावी, अशी तिची इच्छा होती. तिने मला मागून घेतले. शाळेच्या फळ्याला देतात तो रंग माझ्या दारांना द्यावा, मला महालक्ष्म्यांच्या मागे उभे करावे आणि दरवर्षी खडूने नवे चित्र रेखाटावे, असा बेत तिने मांडला.

धुरपताबाई म्हणाल्या, "काळा रंग लोक दाराच्या भायेर ठेवतेत, आन तू महालक्ष्म्यांच्या पाठीशी उभा करायलीस?"

काशीनाथराव पूजेला बसले होते. तिकडूनच त्यांनी विचारले, "या ताम्हणातला शाळिग्राम कोणत्या रंगाचा हाय?"

धुरपताबाईंनी अनुमती दिली, पण अटीवर. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायांपैकी एकीने जरी नाव ठेवले, तरी दुसऱ्या दिवशी कपाट बंबात. माझा प्राण आणि त्या मुलीचा या घरातला पहिला शब्द असे एकाच तराजूत पडले.

मधुवंतीने पॉलिश पेपरने मला घासून काढले. जुने पापुद्रे गळून पडताना मला वेदना झाल्या नाहीत. उलट अंग हलके झाले. मग तिने रंगाचे दोन हात दिले. हा रंग वरून लवकर सुकतो, पण आत मुरायला वेळ घेतो. तोवर त्याला स्पर्श करू नये, हे तिने घरात सर्वांना सांगितले होते.

परंतु धुरपताबाईंच्या मनाला एक रुखरुख लागली होती. नवी वस्तू कुंकवावाचून कशी राहील, आणि त्यातही काळी? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वाटीत कुंकू घेतले, ते टिकावे म्हणून तेलात कालवले आणि माझ्या दोन्ही दारांवर एकेक स्वस्तिक रेखाटले. हेतू निर्मळ होता. पण कच्च्या रंगात तेल मुरले. दुपारपर्यंत स्वस्तिकाच्या रेषा फुटून दोन्ही दारांवर तांबडे, तेलकट डाग पसरले. त्या डागांवर खडू उमटेना.

उपाय सरळ होता. डाग घासून काढायचे आणि पुन्हा रंग द्यायचा. मधुवंतीने पॉलिश पेपर हातात घेतलाही. पण तिचा हात माझ्या दारापाशी येऊन थांबला. सणाच्या तोंडावर घरातले कुंकू खरवडायचे कसे?

धुरपताबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांचा आवाज उतरला होता. "खरवड तू. माझ्याच हातानं नासलं ते. मी देवापुढं माफी मागते."

"न्हाई, आत्याबाई," मधुवंती म्हणाली, "कुंकू राहू द्या. त्याच्या भोवती तुमीच रांगोळी काढा."

आता तुम्हाला एक गोष्ट सांगितली पाहिजे. धुरपताबाईंची रांगोळी पाहायला एके काळी शेजारच्या गावांतून बाया येत. गुडघे दुखू लागले, खाली बसणे सुटले आणि रांगोळीही सुटली. तेव्हापासून अंगणात छापाची रांगोळी उठत असे. मधुवंतीने माझ्यापुढे खुर्ची मांडली, रंग मुरण्याची वाट पाहिली आणि महालक्ष्म्या येण्याच्या आदल्या दिवशी सासूच्या हाती ओला केलेला खडू दिला.

पहिली रेषा वाकडी गेली. दुसरी कमी वाकडी. मग त्या हाताला जणू आपले घर सापडले. तांबड्या डागाभोवती पाकळ्या उमलल्या आणि डाग कमळाचा गाभा झाला. कमळांच्या भोवती गोपद्मे आली, शंख आला, वेलीने दोन्ही दारे एकत्र बांधली. उंचावरचे नक्षीकाम मधुवंतीने स्टुलावर उभे राहून पूर्ण केले. पण कुठे वळावे, ते सासूबाई खुर्चीवरून सांगत होत्या.

हळदीकुंकवाच्या दिवशी कडूबाई आल्या. कोणत्याही घरात काही ना काही उणे काढणाऱ्या म्हणून त्यांची ख्याती. त्यांनी महालक्ष्म्यांना नमस्कार केला आणि मग माझ्याकडे कितीतरी वेळ पाहिले. माझा एकेक सांधा ताठ झाला.

"धुरपता," त्या म्हणाल्या, "तुझे गुडघे गेले अन् रांगोळी बी गेली, असं मी घरोघर सांगून बसले. आता त्या समद्या घरी जाऊन शब्द माघारी घ्यावा लागल. लय काम लावलंस बाई."

सगळ्याजणी हसल्या. धुरपताबाई हसल्या नाहीत. त्यांनी सुनेला जवळ ओढले, तिच्या कपाळी कुंकू लावले आणि तिची पहिली ओटी स्वतः भरली. मी त्या दिवशी विजयी झाले, मित्रांनो. पण माझ्याहून मोठा विजय माझ्यासमोर उभा होता.

त्यानंतर मला ओसरी ठाऊक नाही. मी बैठकीत असते. पोळ्याला माझ्यावर बैलजोडी येते, दिवाळीला दीपमाळ. उरलेला रंग डब्यांच्या झाकणांना लागला. त्यांवर तूर, ज्वारी, जवस अशी नावे धुरपताबाईंच्या वळणदार अक्षरांत शोभतात. तुळशीच्या कुंडीलाही काळी पट्टी लाभली आहे. गावातल्या सुना जुनी दारे, जुने पाट घेऊन मधुवंतीकडे येतात आणि सासू-सून दोघी मिळून त्यांना रीत समजावतात. परवा धुरपताबाईंनी स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बोट दाखवून सुनेला विचारले, "हिला कवा रंगवायलीस?"

माझी एवढीच प्रार्थना आहे. जुनी वस्तू टाकण्यापूर्वी तिला एकदा नीट पुसा, उजेडात आणा आणि घरातल्या थकलेल्या माणसापुढे ठेवा. कदाचित ती दोघे एकमेकांचीच वाट पाहत असतील. आता मला थांबले पाहिजे. धुरपताबाई ओले फडके घेऊन आल्या आहेत. उद्या संक्रांत, आणि त्यांना अख्खे आकाश पतंगांसाठी हवे आहे.