ज्वारीच्या डब्यातली नाशपती

भवानीनगरच्या जोतीरामतात्यांनी एका पत्राला वर्षभर उत्तर दिले नाही. त्याचे खापर माझ्या जातीवर फुटले, म्हणून आधी तेच सांगते.

मी एक नाशपती आहे. आता माझ्या पाच काळ्या बियाच उरल्या आहेत. तुम्हाला 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे, म्हणून म्हणते. तुमच्याशी माझी मैत्री नाही.

पत्र रमजानभाईंचे होते. बारामतीत त्यांचा फळांचा गाडा होता आणि जवळच्या वाचनालयात तात्यांची नोकरी. एकाने फळे द्यावीत, दुसऱ्याने पुस्तके, असे चाळीस वर्षे चालले. पुढे रमजानभाई मुलाकडे हिमाचलात गेले. तिथून त्यांनी माझ्या थोरल्या बहिणींची पेटी पाठवली. सोबत लिहिले, "कशा लागल्या ते खरे कळव. खोटे लिहिलेस तर मला अक्षरावरून कळेल."

तात्यांच्या पत्नी कौसल्याकाकूंनी पहिलीच चावली आणि गाल धरला. "ह्याला फळ म्हंत्यात व्हय? गोफणीत घालायचं धोंडं हायत हे!"

सगळी पेटी शेळ्यांपुढे गेली. तात्या उत्तर लिहायला बसले. खरे लिहावे तर मित्र दुखावेल, खोटे लिहावे तर पकडले जाऊ. अकरा कागद फाडून त्यांनी पेनाला टोपण लावले.

यंदा दुसरी पेटी आली. तिच्यात मी होते. या वेळचे पत्र लहान होते : "गेल्या साली उत्तर आले नाही. यंदाही आले नाही, तर आपले संपले असे समजेन."

मित्रांनो, आम्ही झाडावर पिकत नाही. तिथेच राहिलो तर आतून रवाळ होऊन सडतो, म्हणून कडक असतानाच आम्हाला उतरवतात. तुम्ही आंब्यांची अढी घालता, सीताफळ ज्वारीत पुरून ठेवता, रोज वास घेऊन बघता. मला मात्र पिशवीतून काढून चावता आणि 'चव नाही' म्हणून फेकता. बाजारात माझ्या पोटात अंगठे खुपसता आणि तो डाग दाखवून मलाच नासकी म्हणता. गुन्हा तुमचा, बदनामी माझी.

"आली व्हय धोंड्यांची दुसरी खेप?" म्हणत काकू पेटी घेऊन गोठ्याकडे निघाल्या. मित्राने पाठवलेले सगळेच शेळ्यांना जावे, हे तात्यांना बघवेना. पण तसे बोलण्याचा धीर नव्हता. त्यांनी गुपचूप मला उचलले आणि ज्वारीच्या डब्यात, सीताफळांच्या खाली दडवले.

पाचव्या दिवशी काकूंनी सीताफळासाठी झाकण उघडले.

"अहो, हितं अत्तर सांडलं का काय? आन् ही कुणी लपवली?"

तात्यांनी मान खाली घातली. "मी."

"तरी म्हनलं, म्हाताऱ्याला ह्या वयात कसलं डोहाळं लागलं!"

काकूंनी मला चिरले. रस कोपरापर्यंत ओघळला. दोघांनी एकेक फोड खाल्ली आणि लगेच दुसरी उचलली.

"आन् आपण ह्या शेळ्यांला घातल्या की वो," काकू म्हणाल्या.

"शेळ्यांनी एकदाबी तक्रार केली न्हाय," तात्या म्हणाले, आणि बोटे पुसून कागद घ्यायला उठले.

तेव्हा ऐका. मला चार-पाच दिवस घरात ठेवा. पोट दाबू नका. देठाजवळ हलकेच अंगठा लावा. तिथे मऊ लागले आणि वास सुटला, की त्याच दिवशी खा. एवढा धीर नसेल तर मला विकत घेऊ नका. फुकटचा अपमान नको.

तात्यांनी लिहिले : "रमजान, दोन्ही वर्षांच्या पेट्या शेळ्यांनी खाल्ल्या. चूक आमची. एक वाचली. तिच्यासारखे फळ मी जन्मात खाल्ले नाही. बिया सोबत ठेवतो, म्हणजे तुला खोटे वाटणार नाही."

टपालपेटीच्या तोंडाशी त्यांचा हात अडला. "अगं, शेळ्यांचं खोडू का?" त्यांनी सोबत आलेल्या काकूंना विचारले.

"सोडा आता! हिकडं सत्तरी आली, अजून खाडाखोड चाललीया!"

तात्यांनी डोळे मिटले आणि हात सोडला. आम्ही पाच बिया त्या पत्रासकट खाली पडलो.