पन्नासाव्या वर्षाचं शिंग

शिंग हातात आलं त्या सोमवारपासून रूपरावांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

पुलगावातल्या त्यांच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीला पन्नास वर्षं होत होती. नवे पाळक अंकुश यांनी कुठल्याशा शिबिरातून मेंढ्याचं खरंखुरं शिंग आणलं होतं. वळलेलं, पिवळट, नाकाजवळ नेलं की अजूनही जनावराचा वास येणारं. रविवारच्या उपासनेची सुरुवात ते फुंकून करायची असं ठरलं. आता फुंकणार कोण? सगळ्यांच्या माना एकदम रूपरावांकडे वळल्या. तीस वर्षं वरातीत ट्रंपेट वाजवलेला, ‘रूपराव ब्रास पार्टी’चा मालक समोर बसलेला असताना दुसऱ्याला कोण विचारतो! रूपरावांनीही मिशीवरून हात फिरवत होकार देऊन टाकला. वाजवायचं म्हटलं की हे गृहस्थ आधी हो म्हणतात आणि काय वाजवायचं ते मग विचारतात.

“काका, याच्यात चाल नाई निघत,” अंकुश म्हणाले. “दोनच सूर.”

“दोन सुरांत कायची वरात?”

“वरात नाई हे.” मग पाळकांनी समजावून सांगितलं. अब्राहाम डोंगरावर पोराचा बळी द्यायला निघाला, तेव्हा झुडपात शिंगं अडकलेला मेंढा सापडला आणि पोराच्या जागी तो गेला. म्हणून शिंग वाजलं की आठवायचं, आपण कोणाच्या तरी बदल्यात वाचलो. शिवाय दर पन्नासाव्या वर्षी हेच शिंग देशभर फुंकायचे. ते ऐकलं की गुलाम सुटायचा, आणि ज्याची जमीन हातची गेली तो आपल्या जमिनीवर परत यायचा.

“म्हंजे फुकलं का झालं?”

“फुकल्यानं काई होत नाई, काका. ज्याच्याजवळ दुसऱ्याची जमीन आहे त्यानं ते सोडा लागते. शिंग नुसती खबर देते.”

रूपराव हसले. पण घराच्या फाटकापर्यंत येताना ते हसू कुठंतरी गळून पडलं होतं.

कारण त्या फाटकाच्या आतली अर्धी जागा त्यांच्या बहिणीची होती. वडील गिरणीत होते, त्यांनी पै पै साठवून घेतलेला प्लॉट. वडील गेले आणि रूपराव धाकट्या तानाबाईला देवळीच्या रजिस्ट्री ऑफिसात घेऊन गेले. हक्कसोडपत्र. सगळीकडे बहिणी भावासाठी अशी सही करतात, तिनंही केली. “बाई, समजलं ना काय लिहिलं ते?” असं तिथल्या कारकुनानं विचारलं, तर म्हणाली, “दादा हाये न संगं.” या गोष्टीला अकरा वर्षं झाली. रूपरावांनी ना तिला फसवलं होतं, ना धमकावलं होतं. बळजबरी केली असती तर निदान भांडण तरी झालं असतं, दोन शब्द ऐकून घेता आले असते. तिनं हसत सही केली, हीच तर पंचाईत होती.

मंगळवारी बँडच्या दुकानात बसून त्यांनी शिंग फुंकून पाहिलं. रेडकू हंबरल्यासारखा आवाज निघाला आणि शेजारचे लोक बाहेर येऊन पाहू लागले. बुधवारी आवाज सुधारला, माणूस बिघडला. जेवताना घास फिरायचा. ट्रंपेट पुसायला घ्यायचे आणि अर्धवट ठेवून अंगणात यायचे. अब्राहामाच्या गोष्टीत बाप आठवतो, पोरगा आठवतो. मेंढ्याला मात्र कोणी काही विचारलं नव्हतं. मुकाट्यानं मान खाली घातली त्यानं. हा विचार डोक्यात शिरला तो निघेचना.

गुरुवारी ते प्लॉट पावलांनी मोजताना दिसले. पुढं रस्ता, रस्त्याला लागून बँडचं दुकान, मध्ये घर, मागं नालीपर्यंत ओलसर पडीक जागा. तानीला मागची अर्धी देऊन टाकू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. ठरल्यावर बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

शनिवारी सकाळी कमलाबाईंना, म्हणजे बायकोला, न सांगता ते निघाले. वर्ध्याला गाडी बदलून महामार्गावरच्या जाम गावी उतरले. विधवा तानाबाई तिथं चौकात चहा विकायची. दुसऱ्याच्या टिनाखाली बसायचं, त्यानं उठ म्हटलं की शेगडी उचलायची. या वर्षात ही तिसरी जागा.

“दादा! काऊन रे असा अचानक? वहिनी बरी हाये न?”

रूपरावांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. शिंग, पन्नासावं वर्ष, प्लॉट. “तुहा हिस्सा तुले वापस देतो म्हणतो.”

तानाबाईनं चहा गाळला, दोन ट्रकवाल्यांना दिला, मग भावाकडे पाहिलं.

“वहिनीले इचारलं?”

“इचारतो न.”

“मंग तू मले द्याले नाई आला. तुह्या पोटात कालवाकालव होऊन राह्यली, ते माह्यापाशी सांडाले आला. मी म्हणीन, राहू दे दादा, मले काई नको. तू मोकळा. अन् उद्या दणकून फुकशीन.”

ती नको म्हणेल याच आशेवर रूपराव तीन तास प्रवास करून आले होते, आणि हे त्यांना आत्ता, तिच्या तोंडून कळत होतं. लाज वाटली.

“मी नको नाई म्हणत,” तानाबाई शांतपणे म्हणाली. “आदी घरी बोल. मंग येजो.”

चारच्या सुमाराला ते घरी पोचले. कमलाबाई ओसरीवर तुरीची डाळ निवडत होत्या. रूपरावांनी चपला काढल्या आणि एका दमात सांगून टाकलं. “तानीचा अर्धा हिस्सा तिच्या नावानं करून देतो. सोमवारी देवळीले जातो.”

कमलाबाईंची बोटं डाळीत थांबली. आता आरडाओरडा होईल म्हणून रूपराव तयारीत उभे राहिले. पण कमलाबाईंनी एवढंच विचारलं, “कोणता अर्धा?”

हा प्रश्न आठवडाभरात कोणीच विचारला नव्हता. उत्तर तर गुरुवारपासून तयार होतं, नालीकडचं. ओठावर आलंही. पण डोळ्यांसमोर शेगडी उचलून चौथ्या जागेकडे चाललेली बहीण आली आणि ते उत्तर त्यांनी टाकून दिलं.

“रस्त्याकडचा,” ते म्हणाले.

“अन् तुमचा बँड?”

“मांगं नेतो.”

“नालीपाशी? तिथं वरातवाले येतीन काय?”

“नाई येणार,” रूपराव म्हणाले, आणि ओसरीवरच खाली बसले. भीती होतीच. तीस वर्षांचं दुकान जायचं होतं, बायकोची समजूत काढायची होती, कागद व्हायचे होते. पण सोमवारपासून पहिल्यांदाच त्यांना सपाटून भूक लागली होती.

“कमले, काई खायले देतं का व?”

कमलाबाई सूप आदळून आत गेल्या, आणि थोड्या वेळानं भाकर थापल्याचा आवाज आला.