कुशाबांचा आजार माझ्याकडे होता

मित्रांनो, मी महाडमधल्या एका रक्त-थुंकी तपासणाऱ्या लॅबचा जुना संगणक आहे. सध्या मागच्या खोलीत रिकाम्या खोक्यांवर पडून असतो.

नवा होतो तेव्हा माझ्या वेगाचं फार कौतुक व्हायचं. एमआयडीसीतली पाळी सुटली की कामगार रांग लावत आणि मी भराभर रिपोर्ट काढून देई. माझा प्रोसेसर उतावळा. पुढे कोणतं काम येईल याचा अंदाज बांधून तो ते आधीच करून ठेवायचा. अंदाज चुकला तर केलेलं टाकून द्यायचा.

मग एके वर्षी बातमी आली, की टाकून दिलेल्या कामाच्याही खुणा मागे राहतात. माझा सगळा कारभार कर्नल नावाचा भाग पाहतो. पासवर्ड, नावं, आजार, सगळं त्याच्या हातून जातं. एखादा लबाड प्रोग्रॅम त्या खुणांवरून त्याच्याजवळची गुपितं वाचू शकत होता. दोष माझ्या घडणीतच होता.

लॅबमधल्या अनुपमाताईंनी कर्नलची स्मृती इतर प्रोग्रॅमपासून वेगळी ठेवणारा अपडेट घातला. आता प्रत्येक कामाला मला आतलं दार उघडून पुन्हा लावावं लागे. मी मंद झालो.

त्याच दिवसांत पोलादपूरकडच्या, आंबेनळी घाटाखालच्या वाडीतले कुशाबा आले. ते कारखान्यात कामाला होते. तपासणीत क्षय निघाला.

"पोरी, कुनाला कळू देऊ नको गो," ते अनुपमाताईंना हळूच म्हणाले. "माज्या लेकीचं, सेजलचं लगीन जमत आलंय."

"नाही कळणार, काका."

इकडे रांग जिन्यापर्यंत जाऊ लागली. मालक दीपेशशेठ चिडले. "मॅडम, ते अपडेट का काय ते काढून टाका!"

"लोकांचे आजार आहेत ह्यात, सर. मी नाही काढणार."

रोजच्या बोलण्यांना कंटाळून ताईंनी नोकरी सोडली. आठवड्याभरात शेठनी एका माणसाकडून ते संरक्षण बंद करून घेतलं. मी पुन्हा पळू लागलो. खरं सांगतो, त्या दिवशी मला आनंदच झाला होता.

पुढे शेठनी रिपोर्ट सुबक छापणारा एक फुकटचा प्रोग्रॅम माझ्यात घातला. तो लबाड निघाला. त्याने कर्नलजवळचा पासवर्ड वाचला आणि रुग्णांची यादी बाहेर गेली. मोबाइलवरून मोबाइलवर फिरत ती पोलादपूरच्या वाड्यांत पोचली. कुशाबांचं नाव तिच्यात होतं.

सेजलचं ठरलेलं लग्न मोडलं.

शेठनी घाबरून ताईंना बोलावलं. संरक्षण बंद आहे हे त्यांना लगेच दिसलं. तेवढ्यात कुशाबा आत आले. ताई उठून उभ्या राहिल्या.

"काका, मी तुम्हाला शब्द दिला होता."

"तू नाय गो केलंस. मी गोळ्या खाऊन बरा झालो." ते थांबले. "पन सेजल घरात कुनाशी बोलत नाय."

शेठ खाली मान घालून बसले होते. मला तर मानही खाली घालता येत नव्हती.

मित्रांनो, मी बदनाम झालो, अडगळीत आलो, याचं मला फारसं काही वाटत नाही. पण एखादं यंत्र हळू चालताना दिसलं, तर त्याच्यावर ओरडण्याआधी जरा थांबा. ते कुणाचं काय सांभाळत आहे, एवढं विचारा.