ईदच्या प्लेटा

मागवल्यापासून सात महिन्यांनी ती अँटिबॉडी इजिप्तमधल्या मन्सूरा विद्यापीठात पोचली, आणि आली ती इतकी थोडी, की पेशी वाढवायची खोली सांभाळणाऱ्या अम्म, म्हणजे काका, शाकिरनी कुपी उजेडात धरून विचारलं, "यात काही आहे, की नुसतं लेबल पाठवलंय?" होतं तेवढं पुरेसं होतं. पेशी मरायला निघाली की तिच्यातलं कॅस्पेस नावाचं प्रथिन तुटतं. ही अँटिबॉडी फक्त त्या तुटक्या तुकड्यालाच चिकटते, आणि चिकटली की फिल्मवर काळी रेघ उमटते. असली वस्तू एकदा वापरून ओतून द्यायची चैन श्रीमंत देशांनी करावी. इथे पातळ केलेली अँटिबॉडी वापरून झाली की पुन्हा फ्रिजमध्ये जाई आणि नळीच्या झाकणावर एक काडी ओढली जाई. आठ काड्या झाल्या होत्या.

नशवाची चार वर्षं त्या रेघेवर उभी होती. सिनाईतल्या एका झुडपाचा अर्क यकृताच्या कर्करोगाच्या पेशी मारतो, एवढं दाखवलं की तिला पदवी मिळणार होती. ईदनंतर तिला ते दिसलंही. अर्क घातलेल्या पेशींच्या प्लेटांची रेघ काजळासारखी काळी, साध्या प्लेटांची जागा कोरी. प्राध्यापक रिफअतनी लगेच लेख लिहायला घेतला. मग रीतीप्रमाणे तिने दोन दिवसांचा तो प्रयोग पुन्हा केला, तर दोन्हीकडे कोरं.

"अँटिबॉडी थकली," रिफअत म्हणाले. "आठ वेळा राबवल्यावर माणूसही थकतो, पोरी. पहिलाच निकाल पाठवू."

हे ऐकून तिला हायसं वाटलं, आणि त्याचीच तिला लाज वाटली. ईदच्या अर्कवाल्या पेशींचा अर्धा थेंब फ्रीझरमध्ये उरला होता. त्याच थकलेल्या अँटिबॉडीने तिने तो तपासला. रेघ पहिल्याइतकीच काळी आली. म्हणजे अँटिबॉडी थकली नव्हती; ईदच्या प्लेटांतच काही वेगळं घडलं होतं.

ती अम्म शाकिरकडे गेली. प्लेटा रमजानच्या तिसाव्या दिवशी काढायच्या ठरल्या होत्या, पण एकोणतिसाव्या संध्याकाळीच चंद्र दिसला, ईद एक दिवस आधी आली आणि विभागाला चार दिवस कुलूप लागलं. दोन दिवसांच्या प्लेटा सहा दिवसांच्या झाल्या. नशवा तेव्हा दमिएट्टाला आईकडे होती.

"अम्म, सुट्टीत त्या प्लेटांना कोणी हात लावला होता?"

"हात काय, जेवू घातलं मी," अम्म खुशीत म्हणाले. "बायको म्हणाली, सणासुदीचं कुठे चाललात? म्हटलं, आपल्या नशवा दोक्तोराची लेकरं तिकडे प्लेटांत उपाशी, माझ्या घशाखाली घास कसा उतरेल? ईदला येऊन गेलो, तिसऱ्या दिवशी पुन्हा आलो. सगळं जुनं खाद्य-पाणी काढून ताजं घातलं."

"सगळ्या प्लेटांना?"

"साध्या प्लेटांना. अर्काच्या प्लेटांना हात लावू नये, अशी तुझीच चिठ्ठी होती ना? मी ढुंकूनही पाहिलं नाही. तीस वर्षांत सांगितल्याबाहेर गेलो नाही मी, दोक्तोरा."

"माहीत आहे, अम्म," ती म्हणाली. अर्क वाया जाऊ नये म्हणून ती चिठ्ठी तिने स्वतःच लावली होती.

नंतरच्या आठवड्यात तिने काही प्लेटा अर्काच्या थेंबाशिवाय सहा दिवस उपाशी ठेवल्या. दहाव्यांदा वापरलेल्या अँटिबॉडीने अशी रेघ दिली, की कुठल्याही लेखात शोभावी. नशवाला रडू आलं. फिल्म वाळेपर्यंत ती रडली आणि मग फिल्म घेऊन रिफअतच्या खोलीत गेली.

त्यांनी फिल्म खिडकीशी धरून बराच वेळ पाहिली. "भुकेने मेल्या होत्या तर."

"हो, सर. अर्काचा काही संबंध नाही."

"शाकिर सुट्टीत आला होता, हे वहीत आहे?"

"नव्हतं. आज सकाळी लिहिलं."

"तुझी पदवी आणखी दोन वर्षं लांबली, कळतंय ना?"

"कळतंय."

रिफअतनी लेखाचे कागद गोळा करून खणात टाकले. "शाकिरला मात्र यातलं काही सांगू नकोस," ते म्हणाले. "बिचारा सण सोडून आला होता."

"सांगावं तर लागेलच, सर," नशवा म्हणाली. "ते पुढच्या ईदलाही येतील."