आडवी ओळ

"थांब जरा," वहीकाका म्हणाले. "या बाईंचा उजवा डोळा नाही. डावा आहे."

सकाळचे साडेसात वाजले होते. डोळ्यांच्या इस्पितळात त्या दिवशी मोतीबिंदूची अडतीस ऑपरेशनं होती. आदल्या दुपारी मी छापलेली यादी त्यांच्या एका हातात होती आणि दुसऱ्या हाताखाली पेशंटच्या नोंदींची त्यांची जाडजूड वही उघडी होती. यादीत प्रत्येक पेशंटचं नाव, वय, कोणता डोळा आणि आत बसवायच्या भिंगाचा नंबर असे चार रकाने होते. त्या यादीवरूनच आत भिंगं काढून ठेवायची.

"एखादं चुकून पडलं असेल," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा वर सरकवला आणि पुढच्या नावावर बोट ठेवलं. "हेही चुकलंय. हे त्र्याऐंशी वर्षांचे आजोबा. तू त्यांना एकेचाळीस वर्षांचं केलंयस."

मी फाइल उघडली आणि काय झालं ते कळलं. आदल्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या होत्या, नावं अकारविल्हे लावून दे, शोधायला सोपी जातात. मी नावांचा रकाना निवडला आणि सॉर्टचं बटण दाबलं. पडद्यावर एक प्रश्न आला होता. तो न वाचताच मी कुठलंसं बटण दाबून त्याला वाटेला लावलं. नावं शहाण्यासारखी क्रमाने लागली. शेजारचे वय, डोळा आणि भिंग मात्र होते तिथेच राहिले. आता कुणाचंही भिंग कुणाच्याही नावापुढे होतं. फाइल सेव्ह करून, बंद करून मी आनंदाने घरी गेले होते.

नोकरीला लागून मला तीन महिने झाले होते. 'कॉम्प्युटर येणारी मुलगी' म्हणून मला घेतलं होतं.

कॉम्प्युटर मला आला तो शाळेत, भूगोलाच्या बाईंमुळे. आमच्या शाळेत खेळाच्या सामानाची खोली रिकामी करून पाच कॉम्प्युटर मांडले होते. त्यांतले तीन चालायचे. शिकवणारे सर दोन महिन्यांत दुसरी नोकरी मिळून गेले आणि मुख्याध्यापकांनी तो तास भूगोलाच्या बाईंच्या गळ्यात टाकला. पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, "मला यातलं काही येत नाही. तुम्हालाही येत नाही. तेव्हा भांडण नाही."

त्या घरी पुस्तक वाचून यायच्या. तीन यंत्रांपुढे चाळीस मुली मावत नसत, म्हणून त्यांनी लांब पट्टीने फळ्यावर चौकटी आखल्या. वर अक्षरं, डाव्या बाजूला आकडे. एकेका मुलीला उभं करून विचारायच्या, "ब चार मध्ये काय आहे?" मग आम्ही वर्गातल्या सगळ्यांच्या उंच्या मोजल्या आणि आळीपाळीने खऱ्या यंत्रावर भरल्या. सरासरीचं सूत्र मी टाकलं. मागच्या बाकावरच्या एकीने एकशे त्रेपन्नच्या जागी पंधराशे तीस भरलं आणि वर्गाची सरासरी एका क्षणात उड्या मारत वर गेली.

"जेवता काय गं तुम्ही?" बाई म्हणाल्या, आणि आम्ही हसून लोळलो.

पण घरी जाताना माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. एका खणात काही बदललं की दूरच्या खणाला ते कळतं. घरी कॉम्प्युटर नव्हता. मी वहीत चौकटी आखून पेन्सिलीने सूत्रं लिहायची आणि उत्तरं स्वतःच काढायची. आईला वाटायचं, मी कसलासा खेळ खेळतेय. अडलं की मी बाईंना विचारायची. त्यांना आलं नाही तर त्या सगळ्या वर्गासमोर म्हणायच्या, "माहीत नाही. उद्या सांगते." आणि दुसऱ्या दिवशी, कुणाकुणाला विचारून, सांगायच्याच. 'माहीत नाही' म्हणताना त्यांचा आवाज कधी खाली गेला नाही.

त्या सकाळी यादी हातात धरून मी उभी होते. वहीकाका हलक्या आवाजात म्हणाले, "मी सांगतो डॉक्टरांना. यादीत थोडा बदल करायचाय, एवढंच म्हणतो. तू नवीन आहेस."

या माणसाशी मी तीन महिन्यांत धड बोलले नव्हते. तीस वर्षं ते ही वही लिहीत होते. माझी फाइल झाल्यावरही ते लिहायचं थांबले नव्हते, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना हसत होते.

"नको काका," मी म्हणाले. "मीच सांगते."

डॉक्टर आत हात धुवायच्या तयारीत होते. मी दारातूनच सगळं सांगितलं, प्रश्न न वाचता बटण दाबलं तेसुद्धा. त्यांनी उघडलेला नळ बंद केला. मग त्यांनी विचारलं, "किती वेळ लागेल?"

"तासाभरात करते."

"दीड तास घ्या. घाईत पुन्हा चुकाल. ऑपरेशनच्या टेबलावर आम्ही स्वतः तपासतोच, पण तिथे सगळे दमलेले असावेत आणि त्यातच कागदही चुकीचा असावा, असं मला नकोय." दारातून मी वळले तेव्हा म्हणाले, "ज्यांनी पकडलं त्यांना सोबत घ्या."

वहीकाका वाचत होते, मी टाइप करत होते. नाव, वय, डोळा, भिंग. एक ओळ झाली की ती मी परत वाचून दाखवायची आणि त्यांनी वहीत पेन्सिलीची बारीक खूण करायची. आकडा स्पष्ट नसला तर ते डोळ्यांच्या मोजणीच्या खोलीतली मूळ चिठ्ठी काढायला सांगत. मग यादी घेऊन आम्ही बाहेरच्या बाकांवरून फिरलो. प्रत्येकाला नाव विचारलं, ज्या डोळ्याचं ऑपरेशन, त्याच्या भुवईच्या वर केलेली खूण पाहिली.

एका आजींनी माझा हात धरला. "माझा नंबर गेला का गं?"

"नाही आजी. माझ्याकडून यादी चुकली. ती नीट करतेय."

"कर मग नीट," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं धुकं बघतेय. तासाने काय होतंय."

नऊ वाजून पाच मिनिटांनी यादी आत गेली. अडतीसही ऑपरेशनं झाली. संध्याकाळी शेवटचा पेशंट बाहेर आल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि तोंड धुऊन परत आले. माझ्या टेबलावर चहाचा कप झाकून ठेवलेला होता. वहीकाका वहीत मान घालून बसले होते. मधे एकदा ते डॉक्टरांकडे जाऊन आले होते; तिथे त्यांनी काय सांगितलं ते मला कुणी सांगितलं नाही. नोकरी राहिली. मात्र त्या दिवसापासून यादीवर दोघांच्या सह्या लागू लागल्या.

त्या रविवारी मी भूगोलाच्या बाईंना फोन केला. त्या निवृत्त झाल्या होत्या. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, तुमच्यामुळे मला 'चुकलं' म्हणता आलं. बाईंना भलतीच काळजी.

"सॉर्ट मी शिकवलं होतं का गं तुम्हाला?"

"नाही बाई. तिथवर आपण पोचलोच नाही."

"हो, परीक्षा आली मध्येच," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या महिन्यात वहीकाका माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. "दाखव तुझं ते." मी दाखवू लागले. ते एका बोटाने टाइप करायचे आणि प्रत्येक अक्षरानंतर पडद्याकडे बघायचे. एकदा अख्खा रकाना '####' अशा खुणांनी भरून गेला.

"ही कुंपणं कुणी घातली?"

"रकाना अरुंद पडलाय काका. आकडा मावत नाही."

"मग तसं बोलावं ना माणसाशी."

ते शिकले. सूत्रं आवडली नाहीत त्यांना, पण सॉर्ट करण्याआधी सगळे रकाने निवडलेत ना, हे ते माझ्या खांद्यावरून न चुकता बघत. मीही त्यांच्याकडून शिकले. ओळ नेहमी आडवी, शेवटपर्यंत वाचायची. ओळ म्हणजे एक माणूस आहे. ती मध्ये तोडायची नाही. पुढे माझ्या हाताखाली चौघीजणी आल्या. त्यांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते, सूत्रं नंतर.

चार वर्षांनी वहीकाका निवृत्त झाले. त्यानंतर वर्षभराने एका सकाळी यादी तपासताना त्यांच्या बायकोचं नाव दिसलं. तेविसावी ओळ, डावा डोळा. मी बाहेर गेले. दोघं शेवटून दुसऱ्या बाकावर बसले होते. काकूंची पिशवी त्यांच्या मांडीवर होती.

"काका, आत चला ना. डॉक्टरांना सांगते. पहिल्या पाचांत घेतील."

"यादी झालीये ना?"

"झालीये."

"मग राहू दे," ते म्हणाले. "बावीस जण आहेत पुढे."

मी त्यांच्यासाठी चहा पाठवला. दुपारी बाराच्या सुमाराला दारातून हाक आली. वहीकाका उठले, शर्ट नीट केला, काकूंचा हात धरला आणि बाकांच्या मधल्या वाटेने, कुणाच्या पायाला धक्का न लावता, हळूहळू आत निघाले.