रडायला मयत लागती

कुंभेफळच्या मयतीला आम्ही बाया टेम्पो करून गेलो. मयत झालेला म्हातारा माझ्या जावेचा चुलता. खाटेला खिळलेला, सुटला बिचारा. अशा मयतीला रडायचं ते रीतीपुरतं. गल्लीच्या तोंडापासून पदर तोंडावर ओढायचा, गळा काढायचा, घरच्या बायांच्या गळ्यात पडायचं. मग एखादी म्हणती, "बास करा बाई आता," की तोंड धुवायचं अन् कांद्याच्या भावावर यायचं. ह्या कामात माझ्यासारखी पक्की बाई पंचक्रोशीत नाय.

त्या दिवशी सुगंधाबाई आमच्यासंगं होती. तिचं त्या घराशी नातं ना गोतं. तरी ती अशी रडली की घरची लेक फिकी पडली. "बास करा" म्हणून झालं, पाण्याचा तांब्या पुढं आला, हिचं आपलं चालूच. म्हाताऱ्याची सून माझ्या कानाला लागली.

"आत्याबाई, ह्या कोण म्हणायच्या? मामंजींचं अन् ह्यांचं काय…"

"बये," मी म्हणलं, "सासरा खाटेवर होता तवा तुम्ही त्याच्या तोंडावरची माशी हाकली नाय. आता परकी बाई रडती तर तिचं गोत विचारती व्हय?"

सून तांब्या उचलून आत गेली. पण मलाबी ते खटकलंच होतं.

परतीला टेम्पोत दगडाबाई सुरू झाली. दगडाबाईच्या तोंडाला झाकण नाय.

"सुगंधे, रडायच्या कंपनीत लागली का काय गं? पगार किती देतात? आमचाबी वशिला लाव."

बाया खिदळल्या. सुगंधाबी हसली. मग तिनं विचारलं, "आता पुढली मयत कुठं हाय?"

बाया अजून हसल्या. मला हसू आलं नाय. बस कधी सुटती ते विचारावं, तसं तिनं विचारलं होतं.

सुगंधा अन् मी ह्या शेंद्र्यात एकाच साली नांदायला आलो. पोलीस ॲक्शनच्या साली जन्मलेल्या आम्ही दोघी, आमचं वय सारं गाव त्यावरनंच मोजतं. आमचं वावर मोठं, त्यांची मेंढरं मोठी. सुगीनंतर त्यांची मेंढरं आमच्या वावरात बसायची, खत पडायचं, अन् बांधावर सुगंधा अन् मी बोलत बसायचो. सासवांच्या चुगल्या, दुसरं काय. पुढं वावर कंपन्यांत गेलं, मेंढरं विकली. तिचा नवरा केरबा गेला, माझे मालकबी गेले. तिचा सोनाजी कंपनीत लागला. पोरगं गुणाचं. सिमेंटचं घर बांधलं, सून आणली तीबी गरीब गाय. सुगंधाला काही कमी होतं असं माझ्या तोंडून निघायचं नाय.

थोड्या दिवसांनी सोनाजी माझ्या दारात आला. कंपनीचे कपडे अंगावर, तोंड उतरलेलं.

"मावशी, आई एकटी करमाडला गेली व्हती. माझ्या लाइनवरच्या पोराची आज्जी वारली, त्या घरी. हिची ना वळख ना पाळख. त्यो मला कंपनीत म्हणतो, तुझी आई आमच्याकडं लई रडली रे. मी काय बोलू? लोक नावं ठेवायलेत."

"तिला विचारलं का?"

"विचारलं. काय नाय म्हणती. मावशी, आम्ही काय कमी केलं? टीव्ही घेतला. शहरात गुलमंडीवरनं लुगडं आणलं, घडीसुद्धा मोडली नाय. तुम्ही सांगा, तुमचं ऐकंल."

"न ऐकून जाती कुठं?" मी म्हणलं.

दुपारचं गेले. सुगंधा ओट्यावर बसली होती, हात मांडीवर. चहा झाला. मी आडवळणानं बोलत नसते.

"सुगंधे, दुनियेच्या मयतीला कशाला हिंडती? रडायचंय तर घरी रड."

"घरी कसं रडू?" ती म्हणली. "सोन्या विचारतो काय झालं. सून विचारती कुणी बोललं का. काय सांगू? झालंच नाय काही. मयतीच्या घरी बरं असतं आवडाबाई. तिथं कुणी विचारत नाय."

"मग माझ्यापुढं रड. मी विचारत नाय."

ती बसली. मी बसले. एक कोंबडी आमच्यामधून गेली.

"येत नाय," ती म्हणली. "असं चहा पिऊन कसं येईल?"

ते बरोबर होतं. रडायला सुरुवात करून द्यावी लागती, पहिला सूर दुसऱ्यानं धरावा लागतो. मग मी पदर तोंडावर ओढला, तिच्या गळ्यात हात टाकला अन् गळा काढला. नाव कुणाचं घ्यावं ते कळंना, म्हणून नुसतंच, "माझे बाई गंऽऽ, काय झालं गंऽऽ!"

तिचं अंग ताठ होतं. मग माझ्या खांद्यावर तिची हनवटी टेकली, आत काहीतरी हललं, तिनं मोठा श्वास घेतला. आता येतंय, मी म्हणलं मनात, आता येतंय.

तेवढ्यात घरातून सून धावत आली, हाताला पीठ. पाठोपाठ सारी गल्ली.

"कोण गेलं? कोण गेलं?"

"कंपनीत काय झालं का? सोनाजी?"

ते नाव ऐकलं अन् सून मटकन खाली बसली, तिचे डोळे पांढरे झाले. सुगंधानं आलेला श्वास गिळला. उठली, माठातून पाणी आणलं, सुनेच्या तोंडावर मारलं.

"कुणी नाय गेलं," ती लोकांना म्हणली. "कुणीच नाय."

शेजारचा कडूबा काठी टेकत म्हणतो, "बायांनो, मयत नसताना गळा काढू नाय. अवदसा येती घरात."

"कडूबा, तुमच्या मयतीला मन लावून रडंन," मी म्हणलं, "तवर घरी जाऊन बसा. अन् बाकीच्यांनो, इथं जेवणावळ नाय, निघा."

गल्ली रिकामी झाली. सुनेला आत निजवलं. सुगंधा परत ओट्यावर आली नाय, मधल्या घरात भिंतीला टेकून बसली. मी तिच्यापुढं बसले.

"त्या कुंभेफळच्या म्हाताऱ्यासाठी रडत व्हती का?"

"नाय."

"मग?"

तिनं पदर सारखा केला. "त्याचं बरं झालं असं वाटतं. त्याला नेलं, मला का नेत नाय. त्या वाटण्याचं रडू येतं. सकाळी जाग आली की वाटतं, आज परत उठले का मी."

"काय दुखतं का?"

"दुखलं असतं तर हात लावून दावलं असतं." मग म्हणली, "करमाडहून येताना तुझ्या हिरीवर बसले व्हते."

आमचं वावर गेलं, पण हीर तेवढी राहिली आहे. कुणी पाणी काढत नाय. मी विचारलं, "कशाला?"

तिनं माझ्याकडं बघितलं.

मी तहसीलदाराला जवाब दिलेला आहे. जमीन मोजायला आलेल्या साहेबाची टोपी माझ्या शब्दानं हातात आली होती. माझ्या सुना माझ्यापुढं चळाचळा कापतात. अन् त्या घडीला माझ्या तोंडात एक शब्द नव्हता. देव आहे म्हणावं, तर ती देवाकडंच निघाली होती. नातवंडांकडं बघ म्हणावं, तर ती बघतच होती. शेवटी मी काय म्हणले? "अजून चहा टाकू का?"

"नको," ती म्हणली. "आवडाबाई, सोन्याला सांगू नको. तुला माझ्या गळ्याची आण."

आण मी हयातीत मोडली नव्हती. दिवेलागणीला सोनाजी कंपनीतून आला. बूट काढत होता. मी तिच्यादेखत त्याला सगळं सांगितलं. हिरीचंसुद्धा. बूट हातात धरून पोरगं तसंच उभं राहिलं.

सुगंधा मला एवढंच म्हणली, "तुला बोलले व्हते मी."

दुसऱ्या दिवशी हिरीवर मी लोखंडी जाळी ठोकून घेतली, वेल्डिंगवाल्याच्या उरावर उभी राहून. तिला शहरात मनाच्या डॉक्टरकडं नेलं, मीबी संगं गेले. डॉक्टरीण पोरसवदा होती. गोळ्या लागू पडायला वेळ लागतो म्हणली, एकटं ठेवू नका म्हणली. मग माझ्याकडं वळून, "आजी, तुम्ही मैत्रीण ना? उपाय सांगू नका. नुसतं ऐका."

ऐकायला तयार आहे मी. पण ती माझ्याशी बोलत नाय.

रोज दुपारी जाते. ती सुनेशी दोन शब्द बोलती, दगडाबाईशीबी बोलती. माझा आवाज आला की भिंतीकडं तोंड करून निजती. दगडाबाई म्हणली, "सुगंधे, सोड ना राग, आवडा आली बघ." ती हलली नाय. दगडाबाईनं मलाच खूण केली, जा म्हणून. मला जा म्हणणारी अजून जन्मायची आहे. बसून राहिले.

काल दगडाबाई लवकर गेली. खोलीत आम्ही दोघीच. मला वाटलं, ती सांगत नाय तर आपण सांगावं. काय सांगावं ते ठाऊक नव्हतं. तोंड उघडलं अन् निघालं, "सुगंधे, मला भ्या वाटतं गं. घरी गेले की वाटतं, आता कुणी सांगत येईल. पंखा वाजला तरी दचकते. मला जेवण जात नाय."

असं मी मालकांच्या मयतीलासुद्धा कुणाला म्हणले नव्हते. बाहेर सून भांडी घासत होती, तिचा हात थांबला.

माझ्याकडं सुगंधाची पाठ होती, लुगड्याच्या पदरात गुंडाळलेली. मी चष्मा पुसला अन् नीट बघितलं. श्वासासंगं पाठ वर होत होती, खाली होत होती. सुनेनं दिवा लावला तरी मी तेच बघत बसले होते.