नेहमीचंच आहे, सही करा

औषधांच्या दुकानात बसणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली लेबलदादा म्हणायची, आणि ते नाव त्याने कमावलेलं होतं. गिऱ्हाईक पैसे देऊन वळलं की हा मागून हाक मारायचा, "अहो, थांबा. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचलंत का? जेवणाआधी घ्यायचं की नंतर?" वाचलं नसेल तर तिथेच उभं करून मोठ्याने वाचून घ्यायचा. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर त्याला तोंडावर सांगितलं होतं, "बाबा रे, तुझ्याकडून औषध घेण्यापेक्षा खोकला परवडला." लेबलदादा हसला, पण लेबल वाचून घेतल्याशिवाय त्याने त्यांनाही सोडलं नाही.

अशा माणसाने आपल्या मुलीच्या शाळेच्या फाटकाशी उभं राहून लोकांकडून न वाचता सह्या करून घ्याव्यात, याला काय म्हणावं? पण तेच होत होतं, आणि दरवर्षी होत होतं.

शाळा उघडली की प्रत्येक पालकाला एक पुस्तिका द्यायची, असा नियम होता. शाळेची धोरणं काय, मुलाला शिक्षा कुठवर करता येते, अभ्यासात मागे पडलं तर पालकांनी काय मागावं, तक्रार कुणाकडे न्यावी, हे सगळं तिच्यात छापलेलं असायचं. सोबत एक पावती. 'पुस्तिका मिळाली, वाचली, समजली' असं तिच्यावर लिहिलेलं आणि खाली सहीची जागा. पुस्तिका छापायला खर्च येतो म्हणून शाळेने थोड्याच प्रती काढल्या होत्या. त्यामुळे हळूहळू एक रीतच पडून गेली होती. पालकाने पुस्तिका हातात घ्यायची, पावतीवर सही करायची आणि पुस्तिका पुन्हा गठ्ठ्यावर ठेवायची, मागच्या माणसासाठी. संध्याकाळी गठ्ठा सुतळीने बांधून कपाटात जायचा. पावत्यांची फाईल मात्र फुगलेली असायची.

लेबलदादा पालक समितीवर होता. पेन हातात घेऊन तो फाटकाशी उभा राहायचा. बायको कारखान्यात पाळीवर जाणारी, म्हणून शाळेचं सगळं त्याच्याच अंगावर होतं आणि त्यालाही ते आवडायचं. "चला, चला, इथे सही. नेहमीचंच आहे." आपल्या वर्गाच्या पावत्या सगळ्यात आधी जमा होतात, याचा त्याला केवढा अभिमान!

त्याची मुलगी चौथीत होती. घरात तिला टकळी म्हणायचे, कारण डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत तिची टकळी चालू असायची. बापाच्या दुकानात बसली की गिऱ्हाइकांच्या आजारांची चौकशी करायची आणि वर सल्लाही द्यायची. त्या वर्षी मात्र ती गप्प होत गेली. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एकदा आई म्हणाली, "घर कसं सुनं सुनं वाटतंय," तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

एका संध्याकाळी ती दुकानात काउंटरला टेकून उभी होती. कपाटातल्या बाटल्या वरून खाली बघत होती.

"बाबा, हुशार व्हायचं औषध असतं का?"

लेबलदादा हसणार होता, पण तिचा चेहरा बघून त्याचं हसू तोंडातच राहिलं.

"कुणाला हवंय?"

"मला. म्हणजे मला वर्गात बसता येईल."

"वर्गातच बसतेस ना तू?"

टकळीने मान हलवली. "वाचनाच्या तासाला जिन्याखालच्या खोलीत बसते. आता गणितालाही. बाई म्हणतात, माझ्यामुळे बाकीच्यांचा वेळ जातो. आधी आम्ही दोघी होतो, मी आणि बसवरच्या कंडक्टरबाईंची मुलगी. ती शाळा सोडून गेली. आता मी एकटीच असते. तिथे झाडू आणि जुने नकाशे आहेत."

ती हे अगदी साध्या आवाजात सांगत होती. लेबलदादाच्या हातातली गोळ्यांची पट्टी तशीच राहिली आणि समोरच्या गिऱ्हाइकाला त्या दिवशी कुणी काही वाचायला लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो मुख्याध्यापिकाबाईंकडे गेला. बाई कडक नव्हत्या, उलट बोलणं फार गोड होतं. त्यांनी पाणी मागवलं. "तुम्ही तर आमच्या घरचेच. तुमच्यापासून काय लपवायचं? मुलीला वाचन झेपत नाही. अक्षरं उलटीपालटी होतात. वर्गात एवढी मुलं, बाई तरी कुणाकुणाकडे बघणार? शांत बसून करू दे म्हणून वेगळं बसवलं. माझं ऐकाल तर वर्ष संपलं की दाखला घ्या आणि तिला झेपेल अशी एखादी शाळा बघा. तिच्याच भल्याचं सांगते."

लेबलदादाने मान डोलावली. दुकानात वाघासारखा बोलणारा माणूस तिथे मूग गिळून बसला. शाळा म्हणते म्हणजे बरोबरच असेल, असं त्याला वाटलं. घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती चुलीपाशी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. "वर्ष संपायला कितीसे दिवस राहिलेत?" एवढंच तिने विचारलं.

रविवारी आत्या आली, लेबलदादाच्या वडिलांची थोरली बहीण. आयुष्यभर दुसऱ्या गावी शाळा चालवून निवृत्त झालेली, जिभेला धार आणि मनाने मऊ. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला यायची आणि पुतण्याला चार शब्द सुनावून जायची. टकळीने तिला वाकून नमस्कार केला आणि काही न बोलता आत गेली, तेव्हाच आत्याने चष्मा काढला.

"या पोरीला झालंय काय?"

त्याने सगळं सांगितलं. आत्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "वर्गाबाहेर बसवायच्या आधी तुला लेखी कळवलं होतं?"

"नाही."

"तुमची संमती घेतली?"

"आत्या, शाळेत असं कुठे असतं?"

"दरवर्षी पुस्तिका मिळते ना तुम्हाला? आण बरं ती."

"ती... शाळेतच असते."

"म्हणजे? सही तुमची आणि पुस्तिका त्यांच्या कपाटात?"

लेबलदादाने रीत समजावून सांगितली. सांगता सांगता त्याचा आवाज उतरत गेला. फाटकाशी पेन घेऊन कोण उभं असतं, हे त्याने अगदी शेवटी सांगितलं.

आत्या कडाडली. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! अरे, खोकल्याच्या बाटलीवरचं अक्षर न् अक्षर वाचायला लावतोस लोकांना. आणि पोरीचं अख्खं वर्ष ज्यात लिहिलंय, ते न वाचता 'वाचलं, समजलं' म्हणून सही ठोकलीस? वर शंभर लोकांकडून ठोकून घेतलीस?"

"शाळेशी भांडण कशाला, असं वाटतं, आत्या. मूल त्यांच्या हातात असतं."

"मी शाळा चालवलीय. मला विचार." आत्याचा आवाज खाली आला. "विचारणारा पालक आला की आम्हाला राग यायचा, खोटं कशाला बोलू? पण त्या दिवशी आम्ही नीट वागायचो. जिथे कुणी विचारत नाही ना, तिथे चांगली माणसंसुद्धा हळूहळू सोपी वाट धरतात. तुझ्या बाई दुष्ट नाहीत. त्यांना कुणी अडवलं नाही, एवढंच. हक्क म्हणजे भांडण नव्हे रे. हक्क म्हणजे काय विचारायचं ते ठाऊक असणं."

सोमवारी तो शाळेच्या कचेरीत गेला. कारकुनाने कपाट उघडून गठ्ठा समोर ठेवला. सुतळीची गाठ लेबलदादाच्याच हातची होती, औषधांच्या खोक्याला मारतो तशी. ती सोडायला त्याला वेळ लागला.

एक प्रत मागून त्याने घरी आणली, आणि तो, बायको आणि आत्या असे तिघे बसून ती वाचत गेले. भाषा किचकट होती, अक्षर बारीक. आत्या एकेक वाक्य सोपं करून सांगायची. आणि ते सापडलं. कोणत्याही मुलाला नेहमीच्या वर्गातून वेगळं बसवायचं तर पालकांना आधी लेखी कळवावं लागतं आणि त्यांची संमती लागते. मूल मागे पडत असेल तर तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यायची मागणी पालक करू शकतात आणि शाळेला ती करून द्यावी लागते. केवळ मागे पडतं म्हणून मुलाला शाळा सोडायला सांगता येत नाही. बायकोने ते पान पुन्हा एकदा वाचलं. मग तिने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "हे सगळं आपल्यासाठी लिहून ठेवलेलं होतं हो."

त्यांनी तपासणीचा अर्ज दिला. मुख्याध्यापिकाबाईंनी तो वाचला आणि पहिल्यांदाच त्यांना गोड बोलणं सुचलं नाही. "इतक्या वर्षांत हे कुणी मागितलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. तपासणी झाली. टकळी मंद नव्हती, तिला अक्षरं ओळखायला वेगळी पद्धत लागत होती आणि ती पद्धत शिकवणारी बाई आठवड्यातून दोनदा येऊ लागली. टकळी वर्गात परत बसली. दाखल्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

इथे कथा संपली असती तर लेबलदादाला शांत झोप लागली असती. पण टकळीने एकदा विचारलं, "बाबा, माझी मैत्रीण पण परत येईल ना?" आणि त्याला आठवलं. सह्यांच्या दिवशी फाटकाशी रांगेत उभं राहून कंडक्टरबाईंनी त्याला काहीतरी विचारलं होतं.

पुस्तिकेची एक प्रत घेऊन तो बसच्या आगारात गेला. कंडक्टरबाई फेरी संपवून बाकावर बसल्या होत्या, पायातली चप्पल काढून. त्याने सगळं सांगितलं. ते पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते सावकाश वाचलं.

"मी विचारलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "यात काय आहे, म्हणून. आठवतंय?"

लेबलदादाने खाली मान घातली.

"तुम्ही म्हणालात, 'काही नाही हो ताई, नेहमीचंच. मागे रांग थांबलीये.' मला ड्यूटीवर जायचं होतं. मी म्हटलं, एवढा लेबलं वाचणारा माणूस म्हणतोय, तर नसेल काही."

"ताई, चुकलं माझं."

"चुकलं तुमचं, आणि वर्ष गेलं माझ्या मुलीचं." आवाज चढला नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "त्यांनी दाखला दिला, मी घेतला. आता दोन बस बदलून ज्या शाळेत जाते तिथे आठवड्यातून दोन दिवस पोट दुखतं म्हणून घरी राहते. परत चल म्हटलं तर म्हणते, त्या खोलीत मी जाणार नाही. तिला काय सांगू? तुझा हक्क कपाटात होता म्हणून?"

सुटायच्या बसचा भोंगा वाजला. कंडक्टरबाईंनी चप्पल घातली, पुस्तिका तिकिटांच्या पिशवीत ठेवली आणि निघून गेल्या. तो बाकावरच बसून राहिला. आपल्या घाईची किंमत आपण नव्हे, तर कुणा दुसऱ्याच्या लेकराने मोजली, हे त्याच्या मनातून जाईना.

पुढच्या वर्षी शाळा उघडली. पालक समितीने भांडून प्रत्येकाला पुरतील एवढ्या प्रती छापून घेतल्या होत्या, आणि आत्याने सोप्या भाषेत लिहून दिलेलं एक पान प्रत्येक पुस्तिकेत घातलं होतं. लेबलदादा फाटकाशी उभा होता. हातात पेन नव्हतं. पेनं आत ठेवली होती, मोकळ्या वर्गात, जिथे आधी बसून ते पान वाचायचं होतं. लोक कुरकुरत होते. "अहो, कामं आहेत आम्हाला." "सही घ्या आणि सोडा ना." कुणीतरी म्हणालंच, "याने दुकान इथेही मांडलं वाटतं." गेल्या वर्षी याच रांगेला तोच घाई करत होता, हे विसरणं त्याला शक्य नव्हतं. म्हणून तो कुणावर चिडला नाही.

रांगेच्या शेवटी गणवेशातल्या कंडक्टरबाई उभ्या होत्या, मुलीला परत इथे घालावं का ते ठरवायला, एकट्याच. पुढे येऊन त्या थांबल्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "यात काय आहे?"

मागे एक मोटार भोंगा वाजवत होती. लेबलदादाने पुस्तिका उघडली आणि सांगायला लागला. वर्गाबाहेर बसवण्याबद्दल सांगितलं, तपासणीबद्दल, तक्रार कुठे करायची त्याबद्दल. मध्ये अडखळला, पुन्हा वाचून सांगितलं. रांग खोळंबली, आणि कुरकुरणारे हळूहळू पुढे सरकून ऐकू लागले. मुख्याध्यापिकाबाईही जिन्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. जिन्याखालच्या खोलीला कुलूप होतं.

"पोरगी परत यायला अजून नाहीच म्हणतेय," सांगून झाल्यावर कंडक्टरबाई म्हणाल्या. "मी आता तिच्याबरोबर बसून हे वाचणार. मग ती म्हणेल तसं. सही त्यानंतर." त्यांनी पुस्तिका घेतली आणि सही न करता निघाल्या. दरवर्षी सगळ्यात आधी जमा होणाऱ्या त्या वर्गाच्या पावत्यांत या वेळी त्यांच्या मुलीसाठी राखलेली एक पावती कमी होती, आणि लेबलदादाने ती मागितली नाही.

बंधुभगिनींनो, शाळेतून आलेला कागद तुमच्याही घरात कुठेतरी पडलेला असेल, किंवा तुमच्याही सहीनिशी एखाद्या कपाटात बांधलेला असेल. तो आणा, सोडा आणि वाचा. कळलं नाही तर विचारा, आणि कुणी तुम्हाला विचारलं तर 'नेहमीचंच' म्हणून त्याला पुढे ढकलू नका. तुमच्या मागे रांग थांबली तर थांबू द्या. त्या रांगेतल्या प्रत्येकाच्या घरी एक मूल आहे.